दोन बहिणींचा सिनेमा, आणि ज्याचं कोणी ऐकलंच नाही तो पॅरी

ही परवाच्या एपिसोडची लिखित आवृत्ती. बरेच जण म्हणतात, लोकलमध्ये अर्धं ऐकू येतं, अर्धं नाही, म्हणून एपिसोड आला की तो लिहूनही टाकतो. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच आहे. आणि हो, आज सिनेमाचा शेवट सांगणार आहे. सिनेमा ८० वर्षांहून जुना आहे, त्यामुळे स्पॉयलरबद्दल रागावू नका.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

एपिसोडची तयारी करताना मी फोनवर नोट्स काढतो. सगळ्यात आधी पात्रांची यादी. या सिनेमासाठी मी लिहिलं होतं: धाकटी बहीण, मोठी बहीण, मोठीचा नवरा, धाकटीचा होणारा नवरा, वडील, आई, श्रीमंत मामा. झाली सात पात्रं. मग दुसऱ्यांदा सिनेमा बघितला आणि यादीकडे बघून लाज वाटली. ज्या दोन माणसांमुळे हा सिनेमा आजही बघावासा वाटतो, ती दोघंही माझ्या यादीत नव्हती. घरात काम करणारी मिनर्व्हा, आणि तिचा मुलगा पॅरी. नाव सोडा, ‘कामवाली बाई’ एवढंसुद्धा मी लिहिलं नव्हतं.

माझं असं का झालं, आणि सिनेमातल्या पोलिसांचंही तेच का होतं, आजचा एपिसोड त्याबद्दल आहे.

आधी गोष्ट

सिनेमाचं नाव ‘इन धिस अवर लाइफ’. साल १९४२, स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्स, लांबी ९७ मिनिटं, ब्लॅक अँड व्हाइट. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. त्याआधीच्या वर्षी त्याने ‘द माल्टीज फाल्कन’ केला होता, हा त्याचा दुसराच सिनेमा. पटकथा हॉवर्ड कॉचची, जो पुढे ‘कॅसाब्लांका’च्या लेखकांपैकी एक होता. मूळ कादंबरी एलन ग्लासगो या लेखिकेची. ती व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात जन्मली आणि तिथेच राहिली. या कादंबरीला १९४२ सालचं पुलित्झर मिळालं.

सिनेमाही रिचमंडमध्येच घडतो. टिंबरलेक नावाचं गोरं कुटुंब. एकेकाळी तंबाखूच्या धंद्यात वडिलांचा वाटा होता, पण मेहुण्याने, म्हणजे मुलींच्या मामाने, तो धंदा गिळलाय. वडील आता तिथेच नोकरी करतात. आई सतत अंथरुणात, सतत तक्रारी. आणि दोन मुली, स्टॅन्ली आणि रॉय. हो, दोन्ही मुलांची नावं आहेत. का, ते सिनेमा सांगत नाही. मीही पहिली पाच मिनिटं गोंधळलो होतो.

स्टॅन्ली म्हणजे बेट्टी डेव्हिस. लाडावलेली, चंचल, हवं ते हवं म्हणजे हवंच. मामाची भयंकर लाडकी, इतकी की बघताना आपल्यालाच अस्वस्थ वाटतं. गाडी, पैसे, सगळं मामाकडून. रॉय म्हणजे ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड. शांत, कामसू, स्वतःच्या पायावर उभी. रॉयचं लग्न झालंय पीटर नावाच्या सर्जनशी. स्टॅन्लीचं लग्न ठरलंय क्रेग नावाच्या वकिलाशी. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना स्टॅन्ली पळून जाते. कोणाबरोबर? बहिणीच्या नवऱ्याबरोबर.

पुढे अपेक्षेप्रमाणे सगळं बिघडतं. स्टॅन्ली आणि पीटर बाल्टिमोरला संसार थाटतात. तो दारूच्या आहारी जातो आणि शेवटी आत्महत्या करतो. इकडे रॉय आणि क्रेग, दोघं सोडून दिलेली माणसं, हळूहळू एकमेकांच्या जवळ येतात. स्टॅन्ली माहेरी परत येते, आणि बहिणीकडे आता क्रेग आहे म्हटल्यावर तिला तो परत हवासा वाटायला लागतो.

आपल्या टीव्ही मालिका बघणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. हॉलिवूडमध्ये याला मेलोड्रामा म्हणायचे. वर मॅक्स स्टायनरचं संगीत, प्रत्येक भावना अधोरेखित करणारं. गंमत म्हणजे डी हॅव्हिलँडचं खऱ्या आयुष्यातलं बहिणीशी वैरही त्याच काळात गाजत होतं. तिची धाकटी बहीण जोन फाँटेन. फेब्रुवारी १९४२ च्या ऑस्करला दोघी एकाच गटात होत्या, आणि जिंकली धाकटी. त्यानंतर काही महिन्यांतच हा सिनेमा थेटरात लागला.

इथपर्यंत मी नोट्समध्ये सगळं नीट लिहिलं होतं.

गाडी कोण चालवत होतं?

आता पॅरीकडे येऊ. पॅरी क्ले, विशीतला कृष्णवर्णीय मुलगा. त्याची आई मिनर्व्हा टिंबरलेकांकडे वर्षानुवर्षं काम करते. पॅरी पडेल ते काम करतो, त्यात घरची गाडी धुणंही आलं. पण त्याला वकील व्हायचंय. तो रॉयला कारण सांगतो, त्याचा मथितार्थ असा: आमच्यासारख्याची नोकरी कुणीही, कधीही काढून घेऊ शकतं, पण डोक्यात शिरलेलं कुणाला काढून घेता येणार नाही. रॉय त्याची शिफारस करते आणि क्रेग त्याला आपल्या ऑफिसात कामाला घेतो. दिवसा काम, रात्री अभ्यास.

एका संध्याकाळी स्टॅन्ली एका बारमध्ये क्रेगची वाट बघत बसते. तो येत नाही. ती पिते, चिडते, गाडी काढते आणि सुसाट निघते. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला आणि तिच्या लहान मुलीला उडवते. मुलगी मरते. स्टॅन्ली थांबत नाही.

गाडी सापडते. पोलीस घरी येतात. आणि स्टॅन्ली म्हणते, मी तर घरीच होते, गाडी पॅरी घेऊन गेला होता, धुवायला.

‘गाडी ड्रायव्हर चालवत होता.’ मंडळी, हे वाक्य आपल्याकडे बातम्यांमध्ये किती वेळा ऐकलंय, तुम्हीच आठवा.

पॅरीला पकडतात. कोणी फारसे प्रश्नही विचारत नाही. आणि मग सिनेमातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं दृश्य येतं. रॉय मिनर्व्हाकडे जाते. मिनर्व्हा सांगते, माझा मुलगा त्या रात्री घरी होता, माझ्याबरोबर, अभ्यास करत होता. पोलिसांना हे सांगून उपयोग नाही हे तिला माहीत आहे. ती छाती पिटत नाही. हवामान सांगावं तशा थकलेल्या आवाजात सांगते.

ही भूमिका हॅटी मॅकडॅनियलची. ‘गॉन विथ द विंड’मधली मॅमी, ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार. १९४० सालच्या त्या समारंभात तिला बाकी कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. त्यामुळे इथे ती जे बोलते, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नसणार.

दोन साक्षीदार

आता जरा शांतपणे, केस म्हणून बघू.

पहिला पुरावा. मिनर्व्हा सांगते, पॅरी घरी होता. प्रत्यक्ष साक्षीदार, वेळ स्पष्ट, जागा स्पष्ट. परिणाम? शून्य. पॅरी तुरुंगातच.

दुसरा पुरावा. क्रेगला बारटेंडरकडून कळतं की स्टॅन्ली त्या संध्याकाळी तिथे होती आणि अपघाताच्या आधी तिथून निघाली. परिणाम? स्टॅन्लीचं खोटं कोसळतं आणि ती कबूल करते.

तुम्ही म्हणाल, आई मुलाची बाजू घेणारच, बारटेंडर त्रयस्थ आहे. बरोबर आहे, कुठलाही वकील हेच म्हणेल. पण मग स्टॅन्लीचं काय? ती तर स्वतःला वाचवायला बोलतेय. तिच्याइतका स्वार्थ या केसमध्ये कुणाचाच नाही. तिचा शब्द मात्र पोलिसांनी तपासल्याशिवाय घेतला. म्हणजे ‘हितसंबंध आहेत म्हणून विश्वास नाही’ हा नियम फक्त मिनर्व्हाला लागला. स्टॅन्लीला नाही.

माझ्या मते सिनेमाचं खरं काम इथे आहे. कुणी वाईट पोलीस दाखवलेला नाही. पॅरीला मारहाण नाही, शिवीगाळ नाही. सगळं नेहमीच्या पद्धतीने चाललंय, आणि त्या नेहमीच्या पद्धतीतच अन्याय आहे. रॉय, क्रेग, बारटेंडर, ही गोरी माणसं मध्ये पडली नसती तर? पॅरीकडे सत्य होतं, साक्षीदार होता, आणि तरीही काहीच नव्हतं.

एक गोष्ट रॉयच्या बाजूने सांगायलाच हवी. ती मिनर्व्हावर विश्वास ठेवते, स्वतःच्या बहिणीविरुद्ध. दोन बहिणींतला फरक नवरा कुणी पळवला यावरून कळतो असं आपल्याला वाटत असतं. मला तो इथे कळला. रॉय स्टॅन्लीला तुरुंगात पॅरीसमोर उभी करते. तिथेही स्टॅन्ली त्यालाच कबूल करायला सांगते. तू कबूल कर, मी बघते सगळं, अशा गोड आवाजात. पॅरी नकार देतो. एवढंच त्याच्या हातात असतं आणि तेवढं तो सोडत नाही.

हे कुठून आलं?

अमेरिकेत यादवी युद्धाआधी व्हर्जिनियासह दक्षिणेकडच्या राज्यांत कायदाच होता की कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देऊ शकत नाही. १८६६ च्या नागरी हक्क कायद्याने हा अधिकार कागदावर दिला. पण कागद बदलला म्हणून समोर बसलेले ज्युरी बदलले नाहीत. साक्ष द्यायला परवानगी मिळणं वेगळं, ती कुणी मानणं वेगळं.

१९३१ साली अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो प्रकरण झालं. रेल्वेतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवला. पहिल्या फेरीत आठ जणांना फाशी सुनावली. पुढे १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने कोर्टात येऊन सांगितलं, असं काही घडलंच नव्हतं. ज्युरीने तरीही दोषीच ठरवलं. १९३५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कृष्णवर्णीय लोकांना ज्युरीपासून पद्धतशीर दूर ठेवणं घटनेच्या विरुद्ध आहे.

आता ही गोष्ट सिनेमाशेजारी ठेवा. सिनेमात गोऱ्या माणसांनी सत्य शोधलं की पॅरी सुटतो. खऱ्या अमेरिकेत गोऱ्या फिर्यादी मुलीने खरं सांगूनही ती पोरं सुटली नाहीत. म्हणजे १९४२ साली धाडसी वाटलेला हा सिनेमा प्रत्यक्षापेक्षा मवाळच होता.

आणखी एक. हे शोधताना मी अक्षरशः फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं बसलो होतो.

सिनेमा आला मे १९४२ मध्ये. २ जुलै १९४२ रोजी, दोन महिन्यांच्या आत, त्याच रिचमंड शहरातल्या तुरुंगात ओडेल वॉलर नावाच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला विजेच्या खुर्चीत बसवून देहदंड दिला गेला. वॉलर वाट्याने शेती करायचा. गव्हाच्या वाट्यावरून जमिनीच्या गोऱ्या मालकाशी वाद झाला आणि १९४० मध्ये त्याने मालकावर गोळी झाडली. झाडली हे त्याने नाकारलं नाही. तो म्हणत होता, मालक पिस्तूल काढतोय असं वाटलं, जीव वाचवायला झाडली. ज्युरी सगळे गोरे. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की ज्युरी मतदान कर भरणाऱ्यांमधूनच निवडले गेले, आणि वॉलरसारख्या गरिबांना तो कर परवडतच नाही, मग हे त्याच्या बरोबरीचे लोक कसे? कोर्टांनी ते मानलं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी गव्हर्नरकडे शब्द टाकला. तरीही नाही.

वॉलर आणि पॅरी यांच्या केस सारख्या नाहीत, हे स्पष्ट सांगतो. एकाने गोळी झाडली होती, दुसऱ्याने काहीच केलं नव्हतं. पण प्रश्न एकच: तुझी बाजू ऐकायला समोर कोण बसलंय?

वॉलरला वाचवण्यासाठी देशभर फिरून पैसे गोळा करणाऱ्यांत पॉली मरी ही कृष्णवर्णीय तरुणी होती. त्याच धडपडीत असताना तिने ठरवलं की वकिली शिकायची, आणि १९४१ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे वर्णभेदी कायद्यांचं राज्यवार संकलन करणारं तिचं पुस्तक १९५१ मध्ये आलं, आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या वकिलांना त्याचा मोठा उपयोग झाला. पॅरी पडद्यावर जे स्वप्न बघत होता, ते तेव्हा कुणीतरी खरोखर जगत होतं.

पडद्यामागचा पॅरी

पॅरीचं काम अर्नेस्ट अँडरसनने केलंय. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून नाट्यशिक्षण घेतलेला हा माणूस वॉर्नरच्या स्टुडिओत कँटीनमध्ये कामाला होता. त्याचं नाव बेट्टी डेव्हिसने सुचवलं.

त्या काळी हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे घाबरून डोळे फिरवणारा नोकर किंवा नाचणारा विनोदवीर. बोलणंही तसंच तोडकंमोडकं लिहिलेलं. अँडरसन पॅरीला सरळ, शिकलेल्या मुलासारखा बोलवतो. तुरुंगाच्या कोठडीत तो ओरडत नाही, पण त्याची आशा संपलेली दिसते. त्या वर्षी अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने उत्तम अभिनयाच्या यादीत त्याचं नाव घेतलं.

आणि सरकारला काय वाटलं? युद्ध चालू होतं. ह्यूस्टन स्वतः शूटिंग संपता संपता सैन्याच्या कामावर गेला, आणि काही भाग राउल वॉल्शने पूर्ण केला. १९४३ मध्ये युद्धकाळातल्या सेन्सॉर कार्यालयाने हा सिनेमा परदेशात पाठवायला नकार दिला. कारण, कोर्टात कृष्णवर्णीयाचा शब्द गोऱ्याच्या शब्दापुढे टिकत नाही हे त्यातून उघड दिसतं. बघा, सिनेमा खोटा आहे असं नाही म्हणाले. जग हिटलरविरुद्ध एकत्र आणायचंय, अशा वेळी हे बाहेर दिसायला नको, इतकंच.

मला खटकलेलं

कौतुक झालं, आता तक्रार.

शेवटी स्टॅन्ली मामाकडे पळते. मामाला नुकतंच कळलंय की आपले सहाच महिने उरलेत. आयुष्यभर तिचे सगळे हट्ट पुरवणारा हा माणूस आता तिच्याकडे बघतही नाही. पोलीस येतात, ती गाडी घेऊन सुसाट सुटते, गाडी कोसळते, ती मरते.

बघताना बरं वाटतं. पण विचार करा: कोर्ट कुठे आहे? स्टॅन्ली कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतच नाही. त्या वेळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेनुसार गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता, आणि ती शिक्षा इथे एका वळणाने दिली. त्यामुळे जिने निरपराध मुलाला अडकवलं त्या गोऱ्या मुलीचं कोर्ट काय करेल, हा प्रश्न सिनेमाने शिताफीने टाळला.

दुसरं म्हणजे, पॅरी घरी परत आलाय, मिनर्व्हाने दार उघडलंय, असं दृश्यच नाही. तो परत क्रेगच्या ऑफिसात गेला का? पुस्तक परत उघडलं का? सिनेमा टिंबरलेकांची गोष्ट संपवतो. म्हणजे माझ्या यादीत जे झालं, तेच शेवटी सिनेमाचंही झालं.

जाता जाता

अँडरसनला पुढे मोठ्या भूमिका मिळाल्या नाहीत. रेल्वेतला हमाल, वेटर, असली कामं. २० वर्षांनी, १९६२ मध्ये, ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’ आला. परत बेट्टी डेव्हिस, परत एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन बहिणी. त्याच्या शेवटाकडे समुद्रकिनाऱ्यावर एक आइस्क्रीमवाला दिसतो. तो अर्नेस्ट अँडरसन आहे. मी तो सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता, मित्रांबरोबर, लॅपटॉपवर. आइस्क्रीमवाल्याकडे लक्षही गेलं नव्हतं.

तर मंडळी, ‘इन धिस अवर लाइफ’ जमलं तर बघा. बेट्टी डेव्हिसचे मोठाले डोळे आणि आदळआपट एंजॉय करा, त्यात काही चूक नाही, मीही केली. फक्त मिनर्व्हा बोलायला लागली की फोन खाली ठेवू नका, पुढे ढकलू नका. जेमतेम काही मिनिटांचं दृश्य आहे.

माझी यादी मी दुरुस्त केलीय. आता त्यात नऊ नावं आहेत. पहिली दोन: मिनर्व्हा क्ले, पॅरी क्ले.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत, ऐकत राहा.